इटालियन, फारसी आणि लॅटिन: तिन्ही भाषा विद्यापीठात एकत्र कशा शिकाव्यात

ज्यांना इटालियन, फारसी आणि लॅटिन या तिन्ही भाषा पदवीच्या वर्षांत एकाच वेळी शिकायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते. तिन्ही भाषांचा अभ्यास एकाच पद्धतीने केला, तर सगळ्यांची सरमिसळ होते आणि पहिल्या सत्रातच एखादी भाषा हातची जाते. लॅटिन हे वही-पेन घेऊन टेबलाशी बसून करायचं काम आहे. फारसी आधी डोळ्यांनी आणि मग कानांनी शिकायची. इटालियन तोंडाने शिकायची. प्रत्येकीला तिच्या जातीचं काम द्या आणि वेळ समसमान वाटण्याच्या फंदात पडू नका. मराठी मुलांना या तिन्हींत काही गोष्टी आयत्याच मिळालेल्या असतात. त्या कुठे वापरायच्या आणि कुठे त्यांना आवर घालायचा, हेही पुढे येईलच.

विद्यापीठ निवडताना

पदवीच्या नावातच या तिन्ही भाषा बसतील, अशी अपेक्षा सुरुवातीलाच सोडा. ऑक्सफर्डला इटालियनबरोबर फारसी घेता येते आणि इटालियनबरोबर लॅटिनही घेता येतं, पण हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. केंब्रिजलाही हिशेब जोडीचाच आहे. म्हणजे तिसरी भाषा तुम्हाला मुख्य अभ्यासक्रमाबाहेर, स्वतःच्या हिमतीवर करावी लागते.

स्कॉटलंडची रचना या इच्छेला जास्त मानवते. १४१३ मध्ये स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तिन्ही भाषा शिकवल्या जातात. तिथली पहिली पदवी चार वर्षांची असते (तिला एम.ए. म्हणतात, त्यावरून घोटाळा करून घेऊ नका). पहिली दोन वर्षं पायाभरणीची असतात आणि सुरुवातीला विद्यार्थी साधारणपणे तीन विषय घेतात. निवड पक्की होते ती नंतरच्या दोन वर्षांसाठी. ज्याला तिन्ही भाषा हव्या आहेत आणि एक सोडायची वेळ शक्य तितकी लांबवायची आहे, त्याच्यासाठी ही मांडणी उत्तम.

खर्च मात्र मोठा आहे. परदेशी विद्यार्थ्यांची फी आणि चार वर्षांचं राहणं-खाणं, हा आकडा घरच्यांसमोर आधी मांडा. तो झेपणारा नसेल तर इटलीचा विचार जरूर करा. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्त्याही मिळतात. नेपल्सचं ल'ओरिएंताले, व्हेनिसचं का' फोस्कारी आणि रोमचं सापिएन्झा या तिन्ही ठिकाणी फारसी शिकवतात. ल'ओरिएंतालेची परंपरा तर १७३२ मध्ये मात्तेओ रीपा यांनी काढलेल्या चिनी विद्यालयापर्यंत मागे जाते. इथे अट एकच, पण कडक: शिकवणं इटालियनमध्ये चालतं, त्यामुळे साधारण बी-२ पातळीचं (युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरचं) इटालियन जाण्याआधीच हवं. अर्जाची सुरुवात युनिव्हर्सिताली या इटालियन विद्यापीठप्रवेशाच्या पोर्टलवर पूर्वनोंदणी करून होते. कागदपत्रांना महिने लागतात, म्हणून बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नका.

ब्रिटनसाठी अर्ज यूकास या तिथल्या सामायिक प्रवेशसंस्थेमार्फत होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बाकीच्यांची जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशांपासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, सगळी मिळून ४००० अक्षरांत. तिथे 'मला भाषांची आवड आहे' असलं काही लिहू नका. या तीन भाषा एकत्र कुठे भेटतात याचं एक ठोस उदाहरण द्या. अशी उदाहरणं लेखाच्या शेवटी दिली आहेत.

अर्ज करण्याआधी विभागाला ईमेल करून चार गोष्टी विचारा. शून्यापासून सुरू करायच्या किती भाषा एकाच वर्षी घेऊ देतात? तिन्हींचे तास वेळापत्रकात एकमेकांवर येतात का? शून्यापासून लॅटिन सुरू करणाऱ्याला शेवटच्या दोन वर्षांत लॅटिन मुख्य विषय म्हणून घेता येतं का? आणि फारसीचं परदेशातलं वर्ष कुठे घालवतात? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर राजकीय परिस्थितीनुसार बदलतं. ताजिकिस्तानात दुशान्बेला जायचा पर्याय दिला, तर एवढं ध्यानात ठेवा की तिथली बोली फारसीच आहे, पण ती सिरिलिक लिपीत लिहिली जाते.

जाण्याआधीचे महिने

या काळात तिन्ही भाषा एकदम शिकायला लागू नका (इटलीला जायचं असेल तर वर सांगितलेलं बी-२ इटालियन वेगळं). फक्त तीन कामं करा.

पहिलं, फारसी लिपी. बत्तीस अक्षरं आहेत, उजवीकडून डावीकडे लिहायची, आणि बहुतेक अक्षरांचा आकार शब्दातल्या जागेनुसार बदलतो. ही लिपी वर्ग सुरू होण्याआधी हातात बसलेली असली, की पहिल्या सत्रातलं मोठं ओझं उतरतं. मोडी शिकलेल्यांना जोडून लिहिण्याची सवय असते, त्यांचा हात लवकर वळतो. मुंबईत इराण कल्चर हाऊसमध्ये फारसीचे वर्ग चालतात. जवळपास कुणी उर्दू जाणणारं असेल तर त्यांच्याकडूनही अक्षरओळख करून घेता येईल, मात्र फारसी छापील नस्ख वळणात वाचायची सवय वेगळी लावावी लागेल.

दुसरं, संस्कृतची उजळणी. दहावीला संस्कृत घेतलं असेल तर शब्दरूपावली बाहेर काढा आणि 'देवः देवौ देवाः' पुन्हा म्हणायला लागा. लॅटिनमध्ये द्विवचन नाही आणि विभक्ती सहाच आहेत, म्हणजे संस्कृतपेक्षा दोन कमी. ज्याने रूपं घोकली आहेत त्याला लॅटिनचा तक्ता बघून धडकी भरत नाही. इंग्लंडमधल्या मुलांना कर्ता आणि कर्म शेपटीवरून ओळखणं हीच मोठी अडचण वाटते. 'रामाने', 'रामाला', 'रामाचा' बोलत वाढलेल्याला ती वाटू नये.

तिसरं, इटालियन ऐकणं. समजलं नाही तरी चालेल. मुंबईत इटालियन सांस्कृतिक केंद्र आहे, तिथले वर्ग परवडले तर करा. फोर्टात गेलात तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत डोकवा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत या संस्थेच्या संग्रहात आहे.

तासांचा हिशेब

ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचा एकूण अभ्यास. वीस क्रेडिटचे तीन विषय घेतले तर एका सत्राला सहाशे तास होतात. परीक्षेचे आठवडे धरून पंधरा आठवडे मानले, तर आठवड्याला चाळीस. यात वर्गातले तासही आले. म्हणजे ही पूर्ण वेळची नोकरी आहे. आठवड्याला वीस तास कॅफेत काम करून हे पेलत नाही, हे घरी आणि स्वतःलाही स्पष्ट सांगा.

हे चाळीस तास वाटताना पहिल्या सत्रात झुकतं माप लॅटिनला द्या. व्याकरणाचा डोंगर सुरुवातीलाच येतो आणि तिथे मागे पडलेला विद्यार्थी सहसा पुढे येत नाही. इटालियन पहिल्या सत्रात बरीच सोपी वाटेल. तिला लहान, पण रोजचे तुकडे द्या. फारसीला मधला वाटा. दुसऱ्या सत्रात फारसीचा वाटा वाढवा, कारण खरी अवघड फारसी तेव्हा सुरू होते. सकाळचं ताजं डोकं लॅटिनला आणि रात्रीचं थकलेलं इटालियन ऐकण्याला. शब्दांची कार्डं अंकी या पाठांतराच्या ॲपमध्ये करत असाल तर तीन वेगळे गठ्ठे ठेवा. लॅटिन आणि इटालियनची कार्डं पाठोपाठ कधीच पाहू नका, मध्ये फारसी घाला.

लॅटिनचं वाक्य कसं उलगडायचं

एक वाक्य घेऊ: 'उर्बे काप्ता मीलितेस दोमुम रेदिएरुंत.' इंग्रजीत विचार करणारा विद्यार्थी क्रियापद शोधत शेवटापर्यंत उडी मारतो आणि परत मागे येतो. तुम्ही तसं करू नका. डावीकडून उजवीकडे, शब्द येईल तसा घ्या. 'उर्बे काप्ता' म्हणजे शहर घेतल्यावर. 'मीलितेस', सैनिक. 'दोमुम', घरी. 'रेदिएरुंत', परतले. शहर घेतल्यावर सैनिक घरी परतले. शब्दांचा क्रम तोच, एकही शब्द हलवावा लागला नाही. 'उर्बे काप्ता' ही रचना संस्कृतच्या सति सप्तमीसारखी आहे, फक्त इथे सप्तमीऐवजी ॲब्लेटिव्ह विभक्ती येते. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी या एकाच विभक्तीत सामावलेली आहे. म्हणून ॲब्लेटिव्ह दिसली की 'ने', 'हून' आणि 'त' यांतलं काय बसतं ते पाहा.

वर्गात उत्तर इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये लिहावं लागेल हे खरं. पण समजून घेताना मराठीचा आधार घ्या आणि मगच भाषांतर करा. हा वळसा वाटतो, प्रत्यक्षात वेळ वाचतो.

रूपं रोज लिहून काढा, नुसती वाचू नका. पाच गणांची नामं आणि चार गणांची क्रियापदं एवढा ऐवज पहिल्या वर्षात येतो. कोशासाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन कोश पर्सियस या संकेतस्थळावर मोफत आहे. सुरुवातीला मात्र पाठ्यपुस्तकाच्या मागची शब्दसूची पुरते.

लॅटिन आणि इटालियनची गल्लत

इथे सगळ्यात जास्त विद्यार्थी घसरतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

उच्चारापासून सुरू करा. ब्रिटिश विद्यापीठांत लॅटिन प्राचीन पद्धतीने उच्चारतात: किकेरो, काइसार. इटलीत तेच लॅटिन इटालियन धाटणीने म्हणतात: चिचेरो, चेझार. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर प्राचीन उच्चार कसोशीने पाळा. त्यामुळे कान दोन्ही भाषांना दोन कप्पे करून देतो. इटलीत असाल तर ही सोय नाही, तिथे वेगळेपण वहीतूनच राखावं लागेल.

मग ध्वनिबदलांचं एक पान तयार करा. इटालियन शब्द बहुधा लॅटिनच्या द्वितीयेच्या रूपातून शेवटचा 'म' गळून आले आहेत, आणि बदल नियमाने झाले आहेत. 'क्त'चा 'त्त' होतो: नोक्तेम–नोत्ते (रात्र), लाक्तेम–लात्ते (दूध), ओक्तो–ओत्तो (आठ). 'प्ल'चा 'प्य': प्लेनुम–प्येनो (भरलेला). 'फ्ल'चा 'फ्य': फ्लोरेम–फ्योरे (फूल). 'क्ल'चा 'क्य': क्लावेम–क्यावे (किल्ली). संस्कृत 'रक्त'चं प्राकृतात 'रत्त' झालं, 'सप्त'चं 'सत्त', हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. हे एक पान पाठ असलं की एका भाषेचा शब्द शिकताना दुसरीचा अर्धा हाती येतो.

पण त्याच पानाच्या मागे फसव्या शब्दांची यादी हवीच. 'कासा' लॅटिनमध्ये झोपडी, इटालियनमध्ये घर. लॅटिन 'मोर्बिदुस' म्हणजे रोगट, इटालियन 'मोर्बिदो' म्हणजे मऊ. लॅटिन 'काप्तीवुस' म्हणजे बंदिवान, आणि त्यातून आलेला इटालियन 'कात्तीवो' म्हणजे वाईट.

शक्य असेल तर दोन्हींची सुरुवात एकाच आठवड्यात करू नका. जाण्याआधी इटालियन थोडी बोलता येत असली, तर गोंधळ निम्म्याने कमी होतो.

इटालियनबद्दल वेगळं फार सांगायला नको. उच्चारात मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. 'पिझ्झा'तला जोड 'त्स' (इटालियन उच्चार 'पीत्त्सा') आणि 'ग्रात्सिए'तला 'त्स' यांसाठी 'चोर' आणि 'चूक' यांतला आपला दंत्य च कामी येतो, तर 'चेना'साठी 'चिंच'मधला पहिला, तालव्य च. 'पाला' आणि 'पाल्ला' यांतला द्वित्ताचा फरक 'कच्चा', 'पक्का' म्हणणाऱ्याला सहज ऐकू येतो. मेहनत लागते ती शब्दक्रमाला, कारण तिन्हींपैकी या एकाच भाषेत क्रियापद सहसा मध्ये येतं. त्यावर उपाय बोलणं. इटालियन मित्र मिळवा आणि पहिल्या महिन्यापासून चुकतमाकत बोला.

फारसी: जवळची वाटते तिथेच सावध राहा

फारसीत लिंग नाही, विभक्तीचे तक्ते नाहीत, क्रियापद शेवटी येतं आणि शब्दसंग्रहातलं बरंच काही आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं: दोस्त, दुश्मन, बाजार, कारखाना, दरवाजा. क्रियापदंसुद्धा आपल्याच धर्तीची. आपण 'सुरू करणे' म्हणतो, ते 'शुरू कर्दन' म्हणतात. पहिले दोन महिने मजेत जातात.

अडचणी नंतर येतात, आणि त्या चार आहेत. पहिली, ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे शब्द आधी माहीत असल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही. दोन शब्दांना जोडणारा इजाफतचा 'ए'सुद्धा बहुधा लिहीत नाहीत, तो अर्थावरून ओळखायचा. म्हणून प्रत्येक नवा शब्द मोठ्याने म्हणत लिहा आणि वहीत उच्चार देवनागरीत टिपा. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीत तो नेमका उतरतो.

दुसरी, एका ध्वनीला अनेक अक्षरं. 'ज'चा घर्षक उच्चार चार अक्षरांनी लिहितात, 'स' तीन अक्षरांनी. अरबीतून आलेल्या शब्दांत कुठलं अक्षर, हे पाठच करावं लागतं.

तिसरी अडचण खास आपली. हिंदुस्थानात रुळलेली फारसी आणि आजच्या तेहरानची फारसी यांचे उच्चार वेगळे आहेत. आपल्या ओळखीचा 'शेर' (सिंह) तिकडे 'शीर' असतो, आणि दूधही 'शीर'च. 'जमीन' म्हणताना आपण ज मध्ये किंचित द मिसळतो, तो तिथे चालत नाही. आणि ओळखीच्या शब्दांचे अर्थ सरकलेले असतात. 'तमाशा कर्दन' म्हणजे नुसतं बघणं, टीव्हीसुद्धा. 'आवाज' म्हणजे आज तिकडे गाणं. 'दिलगीर' म्हणजे खट्टू झालेला, तिथे माफीचा संबंध नाही. मराठीतून आलेला प्रत्येक शब्द कोशात तपासून मगच वापरा.

चौथी, लिहायची आणि बोलायची भाषा वेगळी. पुस्तकातलं 'नान' बोलताना 'नून' होतं, 'खाने' (घर) 'खूने' होतं, 'मी-रवम' (मी जातो) 'मी-रम' होतं. दोन्ही रूपं पहिल्यापासून शेजारी शेजारी लिहा. क्रियापदाचं मूळ रूप आणि वर्तमानकाळाचं मूळ हेही असंच जोडीने पाठ करायचं: रफ्तन–रव, दीदन–बीन, गोफ्तन–गू.

काव्य वाचायला लागलात की गंजूर हे फारसी काव्याचं संकेतस्थळ आणि श्टाइनगासचा १८९२ चा कोश सोबत ठेवा. तो कोश जुन्या वाङ्मयासाठी अव्वल आहे, वर्तमानपत्रासाठी नव्हे. आणि माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश मिळाला तर सोडू नका. मराठीतली फारसी कुठून कशी आली हे त्यातून जसं कळतं तसं इंग्रजी कोशातून कळत नाही.

आठवड्यातून एकदा एकच वाक्य तिन्ही भाषांत लिहा. वरचंच वाक्य इटालियनमध्ये 'प्रेसा ला चित्ता, इ सोल्दाती तोर्नारोनो आ कासा' होतं आणि फारसीत 'पस अज गेरेफ्तने शह्र, सरबाजान बे खाने बाजगश्तंद'. विभक्तीचं काम लॅटिनमध्ये शेपटी करते, इटालियनमध्ये आणि फारसीत आधी येणारे छोटे शब्द करतात, हे एका नजरेत दिसतं. हा सराव पहिल्या सत्रानंतरच सुरू करा, त्याआधी तो गोंधळच वाढवतो.

परीक्षा जवळ आल्या की

तिन्हींच्या परीक्षा जवळजवळ येतात. वेळापत्रक हाती पडताच पाहा, लॅटिन आणि इटालियन लागोपाठच्या दिवशी आहेत का. असतील तर मधल्या संध्याकाळी नवीन काही वाचू नका, फक्त दुसऱ्या भाषेतलं ऐका किंवा मोठ्याने वाचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी

आता निवड करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: पदवीसाठी फारसी ठेवा, कारण शिक्षकाविना ती पुढे नेणं सगळ्यात कठीण. जोडीला इटालियन की लॅटिन, हे कुठली जोडी विभाग मान्य करतो आणि तुम्हाला जिवंत माणसांशी बोलायचं आहे की जुन्या कागदांशी, यावर ठरवा. दोन वर्षं नीट केलेलं लॅटिन आठवड्याला एक पान वाचून टिकतं. बोलण्याचा सराव सुटला तर इटालियन मात्र झपाट्याने गंजते. परदेशातलं वर्ष मिळणार असेल तर त्याचा काही भाग इटलीत जाईल असं पाहा.

मग प्रबंधाचा विषय. तिन्ही भाषा जिथे एकत्र येतात अशा जागा आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्या फार जवळ आहेत. व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात कोदेक्स कुमानिकुस नावाचं हस्तलिखित आहे. त्यात १३०३ सालची तारीख सापडते. शब्दांचे तीन रकाने आहेत: लॅटिन, फारसी आणि कुमान ही तुर्की कुळातली भाषा. फारसीही लॅटिन अक्षरांत लिहिली आहे, इटालियन कानांना ऐकू आली तशी. सुरुवातच क्रियापदाने होते: 'औदिओ', मी ऐकतो. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्याची तारीख असलेली सर्वांत जुनी ज्ञात प्रत १२१७ ची आहे, आणि ती फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आंजेलो पिएमोंतेसे यांनी ती १९७७ मध्ये ओळखली.

गोव्याहून १५८० मध्ये अकबराच्या दरबारात पोचलेल्या जेझुइट पाद्र्यांचे प्रमुख रोदोल्फो अक्वाविवा इटालियन होते. तिथे त्यांनी फारसीचा अभ्यास केला. सोबतच्या मोन्सेरातेंनी या मोहिमेचा वृत्तान्त लॅटिनमध्ये लिहिला. अक्वाविवा १५८३ मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीला मारले गेले. एका माणसाच्या आयुष्यात तिन्ही भाषा आणि कोकणपट्टी.

शिवकाळ हवा असेल तर व्हेनिसचा निकोलाओ मनुची आहे. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेळी तो मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत होता आणि तिथे शिवाजी महाराजांशी आपलं बोलणं झालं असं तो लिहितो. त्याच्या ग्रंथात इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच मिसळलेल्या आहेत, आणि एक हस्तलिखित मार्चानातच आहे. त्याच घटनांची मोगली बाजू 'आलमगीरनामा' या फारसी इतिहासात आहे, तो एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला छापला गेला. भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढले आहेत, त्यांत मूळ कागद वाचायला मिळतात. नेपल्सचा जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटला, त्याचं प्रवासवर्णन इटालियनमध्ये आहे.

विषय छोटा घ्या. मनुचीची पुरंदरवरची काही पानं आणि आलमगीरनाम्यातली तेवढीच पानं, एवढं पुरे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मार्चानाला लिहून हव्या त्या पानांच्या डिजिटल प्रतींबद्दल विचारा. पत्र इटालियनमध्ये लिहा आणि हस्तलिखिताचा क्रमांक नेमका द्या.